भिंगात दोष नव्हता

तुमच्या बाबांना तार करायला मी स्वतः पनवेलच्या पोस्टात गेले होते. घरात माणसं जमली होती, कोणीही गेलं असतं. पण तारेतलं इंग्रजी मला माझ्या हातचं हवं होतं. मजकूर लिहिला आणि खिडकीतून आत दिला. तारमास्तर ओळखीचे, त्यांच्या मुली माझ्या शाळेत शिकून गेलेल्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि हळूच म्हणाले, "बाई, 'पीसफुली' घालू का? सगळे घालतात. लांबच्या माणसाला तेवढाच धीर…" मी म्हटलं, "नको. तसं झालेलं नाही." त्यांनी मान खाली घातली आणि तार होती तशी पाठवली.

नंदू, अजय, ती तार तुमच्या घरी पोचली तेव्हा तुम्ही शाळेत होतात, असं बाबांनी कळवलं आहे. आजोबा छातीच्या दुखण्यानं गेले, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. ते खरं आहे. पण त्या आधी जे घडलं ते तुम्हाला कोणीतरी नीट, क्रमानं सांगायला हवं, आणि आता ते सांगणारी मी एकटीच उरले आहे. या पुरवणीच्या संपादकांनी आजोबांवर लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना विचारून घेतलं, की नातवंडांना उद्देशून लिहिलं तर चालेल का. बोटीच्या टपालानं हा अंक तुमच्याकडे यायला महिना लागेल. तुमचं मराठी थोडं अडखळतं, म्हणून सोपं लिहिते. अडेल तिथे बाबा वाचून दाखवतील.

आजोबा इथल्या तालुका कोर्टात वकील होते. बहुतेक खटले बांधांचे. कोणाचा बांध कोणाच्या मिठागरात सरकला, कोणाचं पाणी कोणी अडवलं. त्यांना ओरडून बोलताना कोणी ऐकलं नाही. एका प्रश्नावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे ते शांतपणे विचारत जात आणि समोरचा साक्षीदार आपणच बांधलेल्या गोष्टीत अडकून पडे. वकिली सोडल्यावर त्यांचं मन कशात रमेना. तेव्हा तुमच्या बाबांनी बर्मिंगहॅमहून, सुट्टीवर येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर, एक कॅमेरा आणि त्याला लावायचं लांबलचक झूम भिंग पाठवलं. चांगलं हातभर लांब, काळं, जड. त्याचं कडं फिरवलं की घरामागच्या तळ्यापलीकडची वस्तू अंगणात यावी तशी जवळ येई. त्या दिवशी ते जेवायचं विसरले. मी म्हटलं, "मला बघायला आला होतात तेव्हा इतकं निरखून पाहिलं नव्हतंत." तर म्हणाले, "तेव्हा असं भिंग कुठं होतं? तू केवढी लांब बसली होतीस!"

ते वापरायचं कसं, हे त्यांनी सोबतच्या पुस्तिकेवरून शिकून घेतलं. इंग्रजी मी वाचून दाखवायची आणि ते करून बघायचे. आधी कडं पूर्ण फिरवून वस्तू जितकी जवळ येईल तितकी आणायची, तिथं ती स्पष्ट करून घ्यायची, आणि मग हवं तेवढं मागे यायचं. लांबून सुरुवात केली तर सगळंच ठीकठाक वाटतं आणि चूक कळत नाही. भिंग हातात धरून स्थिर राहत नसे, म्हणून मी त्यांना भाताच्या तुसाची एक उशी शिवून दिली. ती बांधावर ठेवायची, तिच्यावर भिंग टेकायचं, डावा डोळा घट्ट मिटायचा, उजवा कॅमेऱ्याला लावायचा आणि श्वास रोखायचा. रोज सकाळी ते खाडीकडच्या मिठागरांवर जात. तिथे हिराजी होता. जुना अशील. आजोबांनी त्याचा बांध त्याला परत मिळवून दिला होता, त्यामुळे त्याला वाट्टेल ते बोलायची मुभा होती. "वकीलसायब, त्या बगल्यानं तुमचा काय घोडा मारलाय? रोज त्याच्यावर तोफ लावून बसताय!" आजोबा म्हणत, "तो गैरहजर राहिला, की तुझ्यावर लावतो." "लावा की! पन आमी बगल्यावानी एका पायावर उबं रानार नाय."

सुरुवातीची त्यांची छायाचित्रं फार सुंदर होती. मिठाच्या ढिगावर बसलेला खंड्या, पाण्यात पावलं टाकणारे तुतवार… पिसं मोजता यावीत इतकी स्वच्छ. ती तुमच्याकडे पाठवली होती, बाबांच्या कपाटात असतील.

भिंगाची निगा हे त्यांचं दुसरं कोर्ट होतं. पनवेलची हवा तुम्हाला आठवत नसेल. आषाढ लागला की इथे चपलांना, पुस्तकांच्या पाठींना, पेटीतल्या काळ्या कोटालासुद्धा बुरशी येते. भिंगाच्या आत काचेवर बुरशीचं जाळं धरलं की ते भिंग गेलंच समजायचं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून मोठा बिस्किटांचा डबा आणला. मी तांदूळ भाजून मलमलच्या पिशव्यांत भरून द्यायची, त्या डब्यात भिंगाभोवती ठेवायच्या. तांदूळ ओल ओढून घेतात. आठवडा झाला की ते काढायचे, पुन्हा भाजायचे. चामड्याची पेटी बाहेर टांगायची, कारण चामडं हेच बुरशीचं माहेर. काचेला बोट लावायचं नाही, तोंडाची वाफ द्यायची नाही. औषधाच्या दुकानातल्या रबरी फुग्यानं धूळ उडवायची आणि मग माझ्या विरलेल्या वायलच्या पातळाच्या तुकड्यानं मधून कडेकडे गोल पुसायचं. पावसाळ्यात कडं फिरवायला सक्त मनाई. "फिरवलं की ते श्वास घेतं," ते सांगत. "आणि इथली हवा म्हणजे निम्मं पाणी." भाजलेल्या तांदळाचा वास आमच्या घरात तेव्हापासून मुरला.

मग तुम्ही आलात. तो हिवाळा तुम्हाला कितपत आठवतो? नंदू सात वर्षांची होती आणि अजय चौथ्यात. कॅमेरा दिसला की तुम्ही दोघंही ताठ उभे राहायचात, शाळेतल्या ग्रुप फोटोत राहतात तसे. आजोबांना तसलं चित्र नको होतं. म्हणाले, "मुलांना कळता कामा नये. बगळ्याला कुठं कळतं?" म्हणून ते माडीच्या सज्जात तुसाची उशी घेऊन बसून राहिले आणि तुम्ही मागच्या विहिरीपाशी खेळत होतात. अजयनं बादली डोक्यावर पालथी घातली होती. नंदू त्याला हात धरून फिरवत होती आणि आपण लंडनला आलो असं सांगत होती. एक अख्खा रोल त्यांनी तुमच्यावर वापरला. खाली आले तेव्हा घामाघूम झाले होते आणि खुशीत होते. "आज खटला जिंकला," म्हणाले.

रोल धुऊन आला तेव्हा तुम्ही परत गेला होतात. आजोबांनी पाकीट उघडलं, एकेक चित्र बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. एकाही चित्रात तुमचे चेहरे नव्हते. पांढुरके दोन डाग, एक मोठा, एक छोटा. मोठ्याला हात होते, एवढं कळत होतं. मी म्हटलं, "पण मागचा दोरीवरचा पंचा बघा. चौकडीसुद्धा दिसते. भिंग बिघडलं असतं तर तोही पुसट आला असता ना?" त्यावर ते वकिलासारखे बोलले. "बुरशी काचेच्या मधोमध धरते. मुलं मधोमध होती, पंचा कडेला. आणि मला बघतानाच धुकं दिसत होतं. गेला महिनाभर दिसतंय. कॅमेरा खाली घेतला की जग लख्ख, डोळ्याला लावला की धुकं. मग दोष कोणाचा?" कॅमेरा खाली घेतला की जग लख्ख दिसतं, हे ते शपथेवर सांगत होते आणि ते खरंच होतं.

त्या दिवसापासून त्यांनी भिंगावर खटला भरला. मुलं पुन्हा येण्याआधी ते निर्दोष करून ठेवायचं, एवढाच त्यांचा ध्यास. तांदूळ रोज भाजायला लागले. डब्याच्या झाकणाला मेण लावलं. ऊन पडलं की भिंग सज्जात नेऊन दोन्ही बाजूंनी उन्हाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "दिसतंय का काही? मला अंधुक दिसतंय." मला काहीच दिसत नसे. मी तसं सांगे. ते म्हणत, "तुला कुठं बघायचं ते माहीत नाही." असा एक पावसाळा गेला, आणि मग दुसराही. मधल्या उन्हाळ्यात एकदा ते मिठागराच्या बांधावरून चालता चालता उजवीकडे चक्क खाली उतरले, गुडघाभर पाण्यात. हिराजी हसत सुटला. "सायब, आज मिठागरात आंगोल? घरात पानी नाय काय?" तेही हसले. भिंग डोक्यावर धरून चिखलातून बाहेर आले आणि घरी येऊन मला म्हणाले, "त्याला थेंब लागू दिला नाही."

दुसरा पावसाळा सरल्यावर आम्ही भिंग मुंबईला कोट भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं. दुकानाचे मालक म्हातारे पारशी. आठवड्यानं बोलावलं. आम्ही गेलो, तर भिंग काउंटरवर मलमलीवर ठेवलेलं. "वकीलसाहेब, अंदर काय बी नाय. एकदम साफ. नवा होता तसा हाय." आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी उलटतपासणी सुरू केली. सगळ्या काचा काढल्यात का? कोणत्या उजेडात बघितलंत? मधली काच नीट पाहिलीत? शेवटी पारशीबुवा वैतागले. "अरे, तुमी आमच्यावर केस टाकनार काय? हा घ्या कॅमेरा, बाहेर जाऊन बघा!"

आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. आजोबांनी डावा डोळा मिटला, कॅमेरा उजव्याला लावला. "धुकं आहे," म्हणाले. कॅमेरा माझ्याकडे दिला. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक माणूस गंजिफ्रॉकवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. मला त्याच्या वर्तमानपत्राचं नाव वाचता येत होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. मग पारशीबुवांनी बघितलं आणि त्यांनीही तेच वाचलं. "दोन साक्षीदार एक सांगतात," असं काहीतरी आजोबा पुटपुटले. मग त्यांनी कॅमेरा परत घेतला आणि, मी तोवर त्यांना कधीही करताना पाहिलं नव्हतं ते केलं… उजवा डोळा मिटला आणि कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. बराच वेळ तसेच उभे होते. पुन्हा उजव्याला लावला. पुन्हा डाव्याला. त्यांनी त्या माणसाच्या वर्तमानपत्राचं नाव वाचलं. अगदी हळू, एकेक अक्षर. मग वळून दोन्ही हातांनी कॅमेरा पारशीबुवांपुढे केला आणि म्हणाले, "माफ करा. भिंगात दोष नाही."

नंदू, अजय, इथं जरा थांबा आणि समजून घ्या. त्यांचा उजवा डोळा हळूहळू जात होता. पण माणूस दोन डोळ्यांनी बघतो, आणि डावा डोळा उजव्याचं काम मुकाट्यानं करत होता. म्हणून त्यांना कळलंच नाही. उजवा डोळा एकटा फक्त कॅमेऱ्यापाशीच असे. धुकं तिथंच दिसे, आणि त्या धुक्यात भिंग तुमच्याऐवजी मागच्या पंच्यावर जुळलं होतं. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला जबाबदार धरलं. आणि या गावात, जिथे कोटालासुद्धा बुरशी येते, तिथे दुसरं काय सुचणार?

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. डावा तळहात डाव्या डोळ्यावर धरला होता. ठाण्याची खाडी गेली तरी हात तसाच. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मुंब्र्याचा डोंगर आला का गं?" डोंगर खिडकीभर समोर होता. मी "हो" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हात काढला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यात दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. मेलेली परत जिवंत होत नाही. उजवा जवळजवळ गेला होता. डाव्याच्याही कडा गेल्या होत्या, फक्त मधला भाग शाबूत होता. "दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर दोन्ही वाचवता आले असते," डॉक्टर म्हणाले. ते सहज बोलून गेले. दोन वर्षं… ती आम्ही तांदूळ भाजण्यात घालवली. मला कोणी दोष देत नाही, मीही कोणाला देत नाही. दोष देता आला असता तर बरं झालं असतं, असं मात्र वाटतं. निदान रागवायला कोणीतरी असतं.

डावा डोळा बरीच वर्षं टिकेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. थेंब घालत होतो, शस्त्रक्रियाही झाली. बाबांना सगळं कळवलं होतं आणि पुढच्या हिवाळ्यात तुम्ही येणार असं ठरलं होतं. आजोबांनी पुन्हा कंबर कसली. डाव्या डोळ्यानं भिंग वापरायला शिकायचं. नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसत होतं, पण ते म्हणाले, "झूमला तेवढंच लागतं. एका वेळी एक चेहरा. नंदूचा घेईन, मग अजयचा घेईन." मला विहिरीपाशी बसवून ते सज्जातून सराव करीत. एकदा वरून ओरडले, "अगं, तुझ्या भुवईत एक पांढरा केस आहे!" मी म्हटलं, "एकच दिसला? मग डोळे खरंच गेले." त्या दिवशी आम्ही खूप हसलो. त्यानंतर तसं हसल्याचं मला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात बाबांचा कारखाना बदलला आणि नव्या ठिकाणी इतकी लांब रजा मिळेना. येणं वर्षभर पुढे गेलं. एक वर्ष, त्यात काय, असं आम्हाला वाटलं, डॉक्टरांनाही वाटलं. डोळा वर्षभर थांबला नाही. उन्हाळ्यात एका सकाळी ते सज्जात बसून भिंगाचं कडं पुढे-मागे फिरवत होते. बराच वेळ. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "विहिरीवर कोणी आहे का?" विहिरीवर मोलकरीण कपडे धूत होती, बडवण्याचा आवाज येत होता. "आवाज येतोय," ते म्हणाले, "म्हणून विचारलं."

नंतर ते दीड वर्ष जगले. मधल्या हिवाळ्यातही बाबांना रजा मिळाली नाही, तुमचं येणं झालं नाही. ते कसं गेलं ते फार लिहीत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे बांध शोधून दिले, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पायानं चाचपडायचा. हिराजी अधूनमधून येऊन बसायचा. पहिल्यांदा त्यानं नेहमीसारखी तोफेची थट्टा केली आणि मग त्यालाच पुढे बोलवेना. त्यानंतर तो नुसताच बसत असे. शेवटच्या आठवड्यात छातीत पाणी झालं आणि ताप चढला. ग्लानीत ते डावा डोळा घट्ट मिटून घेत. तोंडासमोर हवेत उजव्या हाताची बोटं काहीतरी फिरवत राहत, फिरवत राहत… "जवळ येत नाही," म्हणत. "अगं, जवळ येत नाही." मी हात धरला तर सोडवून घेत आणि पुन्हा तेच. शेवटपर्यंत तेच. म्हणून मी तारमास्तरांना नाही म्हटलं.

हा आजार घराण्यात उतरू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी तिकडे तपासून घेतलं, त्यांचे डोळे चांगले आहेत. तुम्ही मोठे झाल्यावर तपासून घेत जा. आणि अधूनमधून एक डोळा झाकून बघत जा, मग दुसरा. एवढं माझं ऐका.

दृष्टी गेल्यानंतर दुपारी चहा झाला की ते मला सज्जात बसवायचे आणि भिंग माझ्या हातात द्यायचे. "तळ्यावर काय आहे?" मी आधी पाखरं सांगायची. त्यांना पाखरं नको असत. "मुलं आहेत का पलीकडच्या काठाला?" असली की मी ती शोधायची, जवळ आणायची. कोणी गळ टाकून बसलंय, कोणी म्हशीच्या पाठीवर आहे. मग ते विचारायचे, "मुलगी किती उंच आहे? आपली नंदू आता एवढी असेल का? आणि छोटा?" मी अंदाजानं सांगायची. ते हात जमिनीपासून वर धरून ती उंची मोजून बघायचे आणि हात तसाच धरून ठेवायचे.

त्यांना जाऊन दीड महिना होत आला. दुपारी मी अजून सज्जात बसते. काल पलीकडे दोन मुलं होती, बहीण-भाऊ असावीत. ती त्याला हाताला धरून पाण्यात पाय बुडवत होती. मी भिंग उशीवर टेकलं, पूर्ण जवळ आणलं, मग थोडी मागे आले. मुलगी माझ्या खांद्याला लागेल एवढी आहे, मुलगा तिच्या कोपराशी. हे मी मोठ्यानं म्हटलं… आणि थांबले. त्यांच्या खुर्चीकडून हात वर आला नाही.